काही लागलं तर सांग

(दृश्य: सकाळची वेळ, लिफ्टसमोर उभी माणसं.)

दोघे एकाच दिवशी रुजू झाले. डिग्री सारखी, पगार सारखा, टेबलंही शेजारशेजारची. पंधरा वर्षांनी पहिला अजून साहेबाकडून रजा मंजूर करून घेतो आणि दुसरा स्वतः विभागप्रमुख आहे. आपण म्हणतो, नशीब. नाहीतर म्हणतो, धमक.

(दृश्य: मोबाइलवरून पैसे पाठवणारा हात.)

पहिला पगार आठवा. पहिल्याच्या खात्यातून निम्मा पगार त्याच संध्याकाळी घरी गेला. धाकट्याची फी, कर्जाचा हप्ता, आईची औषधं. दुसऱ्याला घरून फोन आला, ‘काही लागलं तर सांग.’ त्याने कदाचित कधीच काही मागितलं नसेल. पण मागता येईल, एवढं ठाऊक असणं पुरतं. त्या भरवशावर तो तिसऱ्या वर्षी नोकरी सोडतो, सहा महिने थांबतो, कमी पगाराची पण पुढे नेणारी जागा धरतो. पहिल्याला एक महिनासुद्धा थांबणं परवडत नाही. साहेबाला ‘नाही’ म्हणायलाही पाठीशी काहीतरी असावं लागतं.

ब्रिटनमध्ये सॅम फ्रीडमन आणि डॅनियल लॉरिसन या समाजशास्त्रज्ञांनी हा फरक मोजला. वरच्या पेशांत पोचलेल्यांमध्येसुद्धा, कामगार घरांतून आलेल्यांची कमाई सुखवस्तू घरांतल्या सहकाऱ्यांपेक्षा सरासरी १६ टक्के कमी निघाली. शिक्षण, वय, कामाचे तास सारखे धरले तरी फरक पुरता मिटला नाही.

(दृश्य: जेवणाचं टेबल. मोठ्यांच्या गप्पा, ऐकणारं मूल.)

पिएर बोर्द्यू हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पोस्टमनचा मुलगा. घरातून नकळत मिळणाऱ्या या शिदोरीला त्याने ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटलं. बढती मागावी लागते, हे काहींना जेवताना कानावर पडून दहाव्या वर्षीच कळतं. काहींना ते पस्तिशीत कळतं. ‘मान खाली घालून काम कर, कुणाच्या अध्यात ना मध्यात’, ही त्यांच्या घरची शिकवण. तिच्यावर नोकरी टिकते. बढतीच्या वेळी मात्र तिचीच आडकाठी होते.

आणि ओळखी. वशिला नव्हे, तो तर उघड दिसतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं, की नव्या संधीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येण्याची शक्यता जास्त, कारण जिवलगांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. आता तोंडओळखी कुठून येतात? बऱ्याचशा घरातूनच.

ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या अहवालाचा अंदाज असा, की तळातल्या कुटुंबाला सरासरी उत्पन्न गाठायला सदस्य देशांत चार ते पाच पिढ्या लागतात. डेन्मार्कमध्ये दोन.

(दृश्य: पुन्हा तोच फोन, आता वय झालेला हात.)

पहिल्याची मुलगी यंदा नोकरीला लागली. तो तिला म्हणाला, ‘घरी पैसे पाठवू नकोस.’ ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणण्याइतकं त्याच्याकडे अजून साठलेलं नाही.