पॉलिसीवर सही करण्याआधी पगाराची स्लिप काढा

मंडळी, जानेवारी लागला की कंपनीकडून 'गुंतवणुकीचे पुरावे जमा करा' अशी मेल येते आणि त्याच आठवड्यात बँकेतून कुणाचा तरी फोन येतो, 'सर, टॅक्स वाचवायला एक छान प्लॅन आहे.' घाईघाईत सही होते आणि पुढची पंधरा वर्षं हप्ता भरणं आलं. म्हणून आधी एवढंच बघा, की तुम्ही जुन्या करप्रणालीत आहात की नव्या. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. नव्या प्रणालीत आयकर कायद्याच्या ८०सी कलमाखालची वजावट नाही. विम्याचा हप्ता, पीपीएफ, मुलांची फी यांपैकी कशानेही तिथे एक रुपया कर कमी होत नाही. विमा घ्यायचा असेल तर विम्यासाठी घ्या.

आज आपण २०२५-२६ या वर्षाबद्दल, म्हणजे ३१ मार्च २०२६ ला संपणाऱ्या वर्षाबद्दल बोलतो आहोत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. मी जुनेच क्रमांक वापरतो, कारण या वर्षाचा हिशेब त्यांनीच होणार आहे.

नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढे दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ८७ए ची रिबेट (करात मिळणारी सूट) मिळून कर शून्य. नोकरदाराला आणि पेन्शनरला ७५,००० ची प्रमाणित वजावट (पावत्या न दाखवता उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळते, म्हणून १२,७५,००० पगारापर्यंत काही भरावं लागत नाही. 'त्याच्यावर एक रुपया गेला की एकदम साठ हजार बसतात' असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. करपात्र उत्पन्न १२,१०,००० असेल तर तक्त्याप्रमाणे ६१,५०० येतात, पण १२ लाखांच्या वर गेलेल्या १०,००० पेक्षा जास्त कर घेता येत नाही. वर ४ टक्के सेस (करावरचा उपकर), एवढंच. खरा फटका बसतो तो शेअर विकणाऱ्यांना. शेअर किंवा इक्विटी फंडाच्या अल्पकालीन नफ्यावरचा २० टक्के आणि दीर्घकालीन नफ्यावरचा १२.५ टक्के कर या रिबेटने माफ होत नाही. पगार शून्य करात बसला म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाला ५०,००० च्या अल्पकालीन नफ्यावर १०,००० आणि सेस भरावा लागतो.

आता नवी की जुनी, हे आकड्यांनीच ठरवू. १५ लाख पगार घ्या. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाऊन १४,२५,००० राहतात. त्यावर ९३,७५० कर, सेस धरून ९७,५००. जुन्या प्रणालीत तेवढाच कर यायला करपात्र उत्पन्न ९,०६,२५० पर्यंत खाली यावं लागतं. तिथली ५०,००० ची प्रमाणित वजावट सोडली तर आणखी ५,४३,७५० च्या वजावटी हव्यात. आता जमवून बघा.

हा माणूस कोथरूडला भाड्याने राहतो. मूळ पगार महिना ६०,०००, घरभाडे भत्ता २४,०००, प्रत्यक्ष भाडं २५,०००. भत्त्यातली माफी तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याएवढी असते: मिळालेला भत्ता २४,०००, भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा केला तर १९,०००, आणि मूळ पगाराचे ४० टक्के, म्हणजे पुन्हा २४,०००. मुंबईला हेच ५० टक्के धरतात. या वर्षासाठी पुणे त्या यादीत नाही, भाडी मुंबईशी स्पर्धा करत असली तरी. तेव्हा महिन्याला १९,०००, वर्षाला २,२८,०००. मेंटेनन्स आणि लाइटबिल यात धरायचं नाही. वर ८०सी चे दीड लाख, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) ५०,०००, स्वतःच्या कुटुंबाचा आरोग्यविमा २५,०००, साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा ५०,०००, आणि व्यवसाय कर २,५००, म्हणजे स्लिपवर दर महिन्याला कापले जाणारे २०० आणि फेब्रुवारीतले ३००. बेरीज ५,०५,५००. सगळं काठोकाठ भरूनही ३८,२५० कमी पडले! जुनी प्रणाली निवडली तर हा माणूस ७,९५६ रुपये जास्त भरेल, आणि त्यासाठी दोन लाख रुपये अडकवून बसेल ते वेगळेच. जुनी प्रणाली परवडते ती भाडं भरपूर आहे आणि शिवाय घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाखही चालू आहेत अशांना. तुमचा आकडा वेगळा येईल. आयकर खात्याच्या पोर्टलवर कॅल्क्युलेटर आहे, त्यात दोन्हींची बेरीज शेजारी शेजारी दिसते.

मग नव्या प्रणालीत वाचवायला काहीच नाही का? आहे, पण ते विकायला कुणी फोन करत नाही. ८०सीसीडी(२) प्रमाणे कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. वरच्याच उदाहरणात मूळ पगार वर्षाला ७,२०,०००. १४ टक्के म्हणजे १,००,८००. त्यावर १५ टक्क्यांनी १५,१२० आणि सेस मिळून सुमारे १५,७२५ रुपये दरवर्षी वाचतात. अट एकच आणि तिथेच लोक चुकतात: पैसे कंपनीकडून गेले पाहिजेत. तुम्ही स्वतः अ‍ॅपवरून भरलेत तर नव्या प्रणालीत काही मिळत नाही. एचआरला लेखी विचारा की 'सीटीसीमध्ये (कंपनी ठरवते त्या एकूण पगारखर्चात) एम्प्लॉयर एनपीएस घेता येईल का?' बहुतेक ठिकाणी हे एप्रिलमध्येच बदलून देतात. हातात येणारा पगार तेवढा कमी होतो आणि पैसे साधारण साठीपर्यंत अडकतात. घराचा हप्ता ओढाताण करून भरणाऱ्याने यात पडू नये.

दुसरं, भाड्याने दिलेला फ्लॅट. वाकडला फ्लॅट आहे, महिना २०,००० भाडं येतं. वर्षाचे २,४०,०००. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा मिळकतकर समजा १२,०००. तो मालकाने त्याच वर्षात प्रत्यक्ष भरला असेल तरच वजा होतो, थकवला तर नाही. उरले २,२८,०००. त्याचे ३० टक्के, म्हणजे ६८,४००, दुरुस्ती केली असो वा नसो, सरसकट वजा. राहिले १,५९,६००. त्या फ्लॅटवर कर्ज असेल तर व्याज यातून नव्या प्रणालीतही वजा करता येतं, पण शून्यापर्यंतच. खाली गेलेला तोटा पगारातून वळता होत नाही. स्वतः राहत्या घराचं व्याज नव्या प्रणालीत अजिबात नाही. भाड्याचं उत्पन्न न दाखवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. भाडेकरूने घरभाडे भत्त्यासाठी तुमचा पॅन दिला (वर्षाला एक लाखावर भाडं असेल तर द्यावाच लागतो) की ते खात्याला कळलेलं असतं.

तिसरं, आईवडील. बायकोला पैसे दिले आणि तिने मुदत ठेव केली, तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. आईवडिलांना दिलेल्या रकमेला हे लागू नाही. त्यांचं उत्पन्न कमी असेल तर त्यांच्या नावावरच्या ठेवीचं व्याज त्यांच्याच हिशेबात येतं आणि १२ लाखांच्या आत बसलं तर कर शून्य. मात्र पैसे दिले म्हणजे दिले. उद्या वारसाहक्काने ते तुम्हा सगळ्या भावंडांत वाटले जाणार आहेत, हे देतानाच लक्षात असू द्या.

ज्येष्ठांसाठी थोडं. एका बँकेतलं वर्षाचं व्याज एक लाखावर गेलं की बँक टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापते. एकूण कर शून्य येत असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १५एच (कर कापू नका असं बँकेला कळवणारा फॉर्म) द्यायचा, प्रत्येक बँकेत वेगळा, आणि दरवर्षी नव्याने. एप्रिल २०२६ नंतर या फॉर्मचा नंबरही बदललेला दिसला तर गोंधळू नका. एकदा कापलेला कर बँक परत करत नाही, तो विवरणपत्रातूनच मागावा लागतो. पतीच्या पश्चात मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन पगाराच्या रकान्यात टाकू नका; ते 'इतर उत्पन्न' असतं. त्यावर ७५,००० ची वजावट मिळत नाही. एक तृतीयांश किंवा २५,०००, यांत जे कमी तेवढीच.

शेअर किंवा इक्विटी फंड वर्षाहून जास्त ठेवलेत तर दरवर्षी एकूण सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो. ही मुभा पुढच्या वर्षी नेता येत नाही. तेवढ्या नफ्याचे युनिट मार्चमध्ये विकून तीच रक्कम पुन्हा गुंतवली तर खरेदीची किंमत वर सरकते आणि पुढचे १५,६२५ वाचतात. एक्झिट लोड (लवकर विकल्यास फंड कापतो ते शुल्क) आहे का ते आधी बघा, आणि ३१ तारखेची वाट बघू नका.

खोट्या भाडेपावत्या आणि राजकीय पक्षाला देणगी दाखवून पैसे परत घेण्याचे धंदे करणारे एजंट पुण्यातही आहेत. रिफंड येतो, एजंट कमिशन घेतो, नोटीस मात्र तुमच्या नावावर येते. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के आहे. जुन्या वर्षांत असं झालं असेल तर ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येतं. जितका उशीर तितका जादा कर.

आणि शेवटी तारीख. पगारदाराला जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत भरावंच लागतं. उशिरा भरलं तर नवीच लागू होते, मग तुमच्या पावत्यांची फाईल कितीही जाड असो. वर ५,००० चं विलंब शुल्क. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. कंपनीला सांगितलेला पर्याय अंतिम नसतो, विवरणपत्रात तो बदलता येतो. भरण्याआधी पोर्टलवर एआयएस (खात्याकडे असलेली तुमच्या व्यवहारांची वार्षिक नोंद) उघडून व्याज, लाभांश, शेअर विक्री ताडून घ्या. भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. ते राहून गेलं आणि पुढे कधीतरी केलं, तर तीच विवरणपत्र भरल्याची तारीख धरतात. ३१ जुलैला भरून सप्टेंबरात व्हेरिफाय करणारा उशिरा भरणाऱ्यांतच मोजला जातो.