ऐनाझी : शेतकऱ्यांच्या पोरांची नाविक शाळा

पाण्यात दूरवर गेलेली ही दगडांची रांग म्हणजे ऐनाझीचा जुना धक्का. लात्वियाच्या उत्तर टोकाला, रीगाच्या आखातावरचं हे गाव. पलीकडे लगेच एस्टोनियाची हद्द लागते. किनारा उथळ, गवताने भरलेला. याच किनाऱ्यावर एके काळी तीन डोलकाठ्यांची गलबतं बांधली जात. गावकरी हिस्से काढून पैसा उभा करत.

अंगणातले हे नांगर आणि बोये बघत आत चला. हीच ती शाळा.

हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. इथल्या शेतकऱ्यांची वेठबिगारी 1819 मध्ये सुटली, पण जमीन जर्मन जमीनदारांकडेच राहिली. पुढे शिकायचं तर जर्मनमधून. शिकलेला लात्वियन माणूस आपोआप जर्मन समजला जाई. क्रिश्यानिस वाल्देमार्स हा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. तार्तूच्या विद्यापीठात शिकताना त्याने आपल्या दारावर नावाची पाटी लावली आणि नावाखाली लिहिलं, ‘लात्वियन’. त्या काळात एवढं लिहायलाही छाती लागायची. जमीन नाही तर समुद्र आहे, हे तो आपल्या लोकांना सांगत राहिला.

त्याच्याच पुढाकाराने 1864 मध्ये ही शाळा उघडली. फी नाही. आणि शिकवणं लात्वियन आणि एस्टोनियन भाषांत, म्हणजे पोरं घरी आईशी बोलत त्याच भाषांत!

हातातलं हे यंत्र म्हणजे सेक्स्टंट. दुपारी सूर्य सर्वांत उंच चढला की छोट्या आरशांतून त्याला क्षितिजावर उतरवायचं आणि उंचीचे अंश वाचायचे. ते 90 मधून वजा करायचे, नाविक पंचांगातली त्या दिवसाची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, जमेस धरायची, की जहाजाचा अक्षांश हाती येतो. नांगरामागे चालणाऱ्या घरांतली मुलं हे गणित मांडायला शिकली. परक्या भाषेत ते आधी पाठ करावं लागलं असतं. इथे ते थेट समजत होतं. मुलं कप्तान होऊन बाहेर पडली. 1867 च्या कायद्याने रशियन साम्राज्यात इतरत्रही याच धर्तीवर नाविक शाळा निघाल्या.

मग पहिलं महायुद्ध आलं. 1919 मध्ये शाळा संपली. 1969 पासून इथे संग्रहालय आहे.

संध्याकाळी धक्क्यावर कुणी नसतं. दगडांमधून गवत वर आलंय, आणि पाणी अजूनही तितकंच उथळ आहे.