न्यायाधीश किती, हे ठरवायचं कुणी?

श्रोतेहो, नमस्कार. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळे ‘दिल्लीत तारीख पडली काय?’ हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीत चहाच्या टपरीवरही निघतो. पण त्या न्यायालयात न्यायाधीश किती असावेत आणि तो आकडा ठरवतं कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. आज तेवढंच बोलू.

आपल्या राज्यघटनेचं कलम १२४, पहिलं पोटकलम. एक सरन्यायाधीश आणि, संसद कायद्याने मोठी संख्या ठरवेपर्यंत, जास्तीत जास्त सात इतर न्यायाधीश. सगळी मेख त्या ‘ठरवेपर्यंत’मध्ये आहे. १९५६ च्या कायद्याने साताचे दहा झाले. मग १३, १७, २५, ३०, आणि २०१९ मध्ये ३३. सरन्यायाधीश धरून ३४. यासाठी एकदाही घटनादुरुस्ती लागली नाही, साध्या बहुमताचा कायदा पुरला.

अमेरिकेच्या घटनेत तर आकडाच नाही. १७८९ च्या कायद्याने सहा, १८६३ मध्ये दहा. १८६६ मध्ये तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, तो सातवर आणायचं ठरवलं. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना नेमणुका करता येऊ नयेत, हा त्यामागचा मोठा हेतू. बसलेल्या न्यायाधीशाला उठवता येत नाही, म्हणून रिकामी झालेली जागा भरायचीच नाही! १८६९ पासून नऊ. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सत्तरी ओलांडूनही खुर्ची न सोडणाऱ्या प्रत्येकामागे एक, असे सहापर्यंत नवे न्यायाधीश मागितले, ते फसलं. १९५४ मध्ये नऊचा आकडा घटनेतच घालणारी दुरुस्ती सिनेटने ५८ विरुद्ध १९ मतांनी मंजूर केली, पण प्रतिनिधिगृहात ती अडली. ती मागणी अजून निघते. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते.

मसुदा लिहायला बसलं की खरी पंचाईत. ‘न्यायालय नऊ जणांचं असेल’ एवढंच लिहिलं, तर एक जागा रिकामी असताना आठ जणांचा निकाल वैध की नाही, असा वाद कुणीतरी काढणारच. २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कालिया वारले, त्यानंतर १४ महिने आठच जण होते. मतं चार-चार पडली की खालच्या कोर्टाचा निकाल कायम. बरं, ‘नऊपेक्षा जास्त नाही’ लिहिलं, तर जागा न भरता आकडा खाली आणायची वाट मोकळी. म्हणजे कमाल, किमान आणि रिकाम्या जागेची तरतूद, तिन्ही हवीत. गणसंख्या, म्हणजे कामासाठी किमान किती न्यायाधीश हजर हवेत, हेही तिथे साध्या कायद्यानेच ठरतं, तेही दार उघडंच.

आपल्याकडे आकड्याला घटनेतच असं कुलूप लावायचं, तर घटनादुरुस्तीचं कलम ३६८. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. वर २८ पैकी किमान १४ राज्यांच्या विधिमंडळांची संमती. कर्नाटकचा ठराव हिवाळी अधिवेशनात आला, तर तो इथे बेळगावजवळ, हलग्याच्या सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इमारतीतच मांडला जाईल. तरी काम संपत नाही. न्यायाधीश नेमणूक आयोगाची ९९ वी दुरुस्ती १६ राज्यांच्या संमतीनंतरही २०१५ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक अशी रद्द केली.

माझं मत विचाराल, तर आपल्याला या कुलपाची तितकी निकड नाही. अमेरिकेत नऊही जण एकत्र बसतात, दोन नवे आले की पारडं फिरतं. आपल्याकडे बहुतेक खटले दोघा-तिघांच्या पीठापुढे चालतात. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल, तर किमान पाच. संख्येला धार येते ती जुना निकाल मोडायचा असतो तेव्हा. गोलकनाथ खटल्यातला ११ जणांचा निकाल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ जणांनी बदलला, आणि त्याच खटल्यात घटनेच्या मूलभूत चौकटीचा, म्हणजे संसदेलाही दुरुस्तीने मोडता न येणाऱ्या गाभ्याचा मुद्दा सात विरुद्ध सहा असा निसटता ठरला. हे केशवानंद कासरगोडच्या एडनीर मठाचे स्वामी. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या अहवालातलं तेच कासरगोड. आता तो निकाल फिरवायचा तर १५ जणांचं पीठ लागेल. ते बसवायचं की नाही आणि त्यात कोण, हे संसद ठरवत नाही. ती यादी सरन्यायाधीश लावतात.