एक रुपयाचं काम नाही

(मोबाइलचा पडदा. बोट जाहिराती वर सरकवतंय.)

“अर्जंट विकणे आहे. मॉडेल २०१३. सिंगल ओनर, घरगुती वापर. टायर सत्तर टक्के. एक रुपयाचं काम नाही. ज्याला खरंच घ्यायचाय त्यानेच फोन करावा.”

धुळे, जळगाव, नंदुरबार. जिल्हा कुठलाही असो, जुन्या ट्रॅक्टरची जाहिरात याच चालीवर म्हटली जाते. धडधडीत खोटं तिच्यात फारसं नसतं. माप तेवढं विकणाऱ्याच्या घरचं असतं.

(चार जाहिरातींतले चार फोटो, शेजारी शेजारी.)

चार ट्रॅक्टर, चार ‘सिंगल ओनर’, आणि चारही ठिकाणी ‘दलालांनी फोन करू नये’. आता मागे बघा. तोच निंबाचा बुंधा, तीच निळी भिंत.

(ट्रॅक्टरचा मागचा हुक, जवळून.)

‘घरगुती वापर’. ट्रॅक्टर घरात काय करतो, हे विचारायचं नसतं. भाड्यानं चालवला नाही, एवढाच दावा. मीटरच्या आधी ट्रॉलीचा हुक बघा. पिनचं भोक गोल न राहता लांबट झालंय? म्हणजे ऊस, वाळू, केळी, काहीतरी जड पुष्कळ ओढलंय. क्लचचं पेडल झिजून गुळगुळीत आणि मीटरवर चाललेले तास बाराशे, हेही जुळत नाही. जुन्या ट्रॅक्टरचं मीटर केबलवर चालतं. केबल तुटली की तास थांबतात, ट्रॅक्टर थांबत नाही.

(टायरच्या बाजूवरचे आकडे.)

‘टायर सत्तर टक्के’. ही टक्केवारी नक्षीची, तीही डोळ्यानं काढलेली. वय निराळंच. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. भुसावळकडचं ४५ अंशांचं ऊन नक्षी झिजवत नाही, रबर खातं. नक्षीच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या की सत्तर टक्के फक्त दिसायला.

(सकाळ. शेडमधला ट्रॅक्टर. स्टार्टरचा आवाज.)

आता इंजिन. एक लिहितो, ‘इंजिनला अजून हातही लावलेला नाही.’ दुसरा लिहितो, ‘नुकतंच फुल इंजिन काम.’ दोन्ही गुणच! दुसऱ्याला विचारायचं, फुल म्हणजे काय? लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं, की नुसत्या रिंगा? पार्टांचं बिल कुठे?

तपासणी थंड इंजिनवर. ‘तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवला’ असं ऐकू आलं, तर सायलेन्सर निवेपर्यंत चहा घ्या. आधी रेडिएटरचं झाकण काढायचं, इंजिन थंड असतानाच. पाण्यावर तेलाचा तवंग नको. मग स्टार्टर. पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालची सीलपट्टी, गेली. नंतर ऑइल भरायचं झाकण. तिथून धापा टाकल्यासारखे धुराचे लोट आले, तर रिंगा आणि लायनर गेले.

सायलेन्सरचा धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. पुष्कळदा एअर क्लीनर साफ केल्यानं भागतं. गरम झाल्यावरही पांढराच राहिला, तर डिझेल फवारणारं पंप-नोझल बिघडलंय, नाहीतर आत पाणी.

‘एक रुपयाचं काम नाही’ हे वाक्य इथे अक्षरशः खरं ठरतं. एक रुपयाचं नसतंच.

(आरसी बुक आणि फॉर्म, टेबलावर पसरलेले.)

‘कागद क्लिअर, टीटी फॉर्म सही करून मिळतील.’ म्हणजे मालकी बदलीचे फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र. एमएच १८ (धुळे), १९ (जळगाव), ३९ (नंदुरबार) घरचेच. बऱ्हाणपूरचा एमपी ६८ स्वस्त दिसतो, पण त्याला फॉर्म २८ वर तिकडच्या आरटीओची ना हरकत लागते. नाव न बदलता गाडी फिरली आणि अपघात झाला, तर भरपाई नोंदीवरच्या मालकाच्या गळ्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

(गोठा. संध्याकाळ.)

जनावरांच्या जाहिराती वेगळ्या. ‘म्हैस विकणे. दुसरं वेत. बारा लिटर. एकदम गरीब, लहान पोरगं पण पिळतं.’ दुसरं वेत म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेली. गरीब म्हणजे लाथ न मारणारी; किंमत गरीब नसते. बारा लिटर दोन्ही वेळचे मिळून ना, हे आधी विचारून घ्यायचं. आदली धार चुकवून कास तुंबवली की पहिल्या धारेला बादली भरते. म्हणून सलग तीन धारा, समोर उभं राहून. चारही सड चालू हवेत. प्रत्येक सडाची पहिली चिळकांडी काळ्या भांड्यात. गाठी दिसल्या तर कासदाह.

(माप, जवळून.)

पहिली धार, साडेसहा लिटर.

दुसरी, पहाटेची. साडेचार.

तिसरी, त्याच संध्याकाळी. चार.

(मालक मापाकडे बघतोय. निवेदन नाही.)