नेसणारीचा शब्द

मंडळी, पूर्व आफ्रिकेचा पोशाख म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र येतं. लाल चौकड्यांचं वस्त्र खांद्यावर गाठलेला, गळ्यात मण्यांच्या माळा घातलेला मसाई. ते चौकड्यांचं सुती वस्त्र म्हणजे शुका. मसाई लोकांच्या अंगावर ते सरसकट दिसू लागलं विसाव्या शतकात. त्याआधी ते कमावलेलं कातडं पांघरत. माळांमधले काचेचे मणी आधी व्हेनिसहून आणि पुढे बोहेमियाहून, म्हणजे आजच्या चेक देशातून आले. एवढं कळल्यावर काही जण लगेच विचारतात, मग यात परंपरा ती कुठली? सगळा आयात माल. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. माल कुठून आला एवढ्यावर वस्त्र कोणाचं हे ठरत नाही. ते कोणी निवडलं, कोणी नाकारलं, कशासाठी वापरलं आणि कारागिराला कोणाचं ऐकावं लागलं, हे पाहावं लागतं. आज मी त्याच बाजूने बोलणार आहे.

सुरुवात अशा वस्त्रापासून करू, ज्याच्यात बाहेरचं काहीही नाही. युगांडाच्या दक्षिण भागात बुगांडाचं राज्य आहे. तिथल्या बागांडा लोकांकडे झाडाच्या सालीचं कापड होतं, आणि आजही आहे. त्याला ते लुबुगो म्हणतात. झाडाचं नाव मुतुबा. हे आपल्या वड-पिंपळाच्या कुळातलं झाड. केळीच्या आणि कॉफीच्या बागेत ते सावलीसाठीही लावतात. पावसाळ्यात, साल ओली असताना, खोडाची वरची खडबडीत साल खरवडून काढायची. मग वर आणि खाली गोल छेद द्यायचा, मध्ये उभा छेद द्यायचा आणि आतली साल अखंड सोलून घ्यायची. सोललेल्या खोडाभोवती लगेच केळीची पानं गुंडाळून बांधतात, म्हणजे झाड वाळत नाही आणि नवी साल धरतं. नीट राखलेलं झाड वर्षामागून वर्ष साल देत राहतं. एक कापड काढलं की झाड संपलं, असा हा प्रकार नव्हे.

पुढचं काम मोगरीचं. साल उघड्या उन्हात झटकन वाळून तडकू नये म्हणून छपराखाली बसून ती लाकडी मोगऱ्यांनी बडवतात. मोगऱ्यांच्या डोक्यावर खाचा कोरलेल्या असतात. आधी खोल खाचांची मोगरी, मग मध्यम आणि शेवटी बारीक खाचांची. बडवता बडवता ती हातभर रुंदीची साल पसरत जाते, कितीतरी पट रुंद होते आणि मऊ पडते. मग उन्हात वाळवली की फिकट रंग जाऊन भाजलेल्या मातीचा तांबूस रंग चढतो. रंग असा सगळीकडे सारखा चढावा ही कारागिराची कसोटी. हे काम परंपरेने न्गोंगे कुळातल्या कारागिरांकडे असतं. त्यांच्यातल्या वंशपरंपरागत प्रमुखाला काबोग्गोझा म्हणतात. सामान्य माणसांचं वस्त्र तांबूस, तर राजा आणि सरदारांचं पांढरं किंवा काळं रंगवलेलं. स्त्रिया आणि पुरुष दोघेही ते अंगाभोवती लपेटून घेत, स्त्रिया कमरेला पट्टा बांधत.

एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावरून अरब आणि स्वाहिली व्यापाऱ्यांचे काफिले बुगांडापर्यंत पोहोचले आणि सुती कापड आलं. दरबाराने ते आधी घेतलं, मग ते खाली उतरत गेलं. सुती कापड धुता येतं, टिकतं, पावसात भिजलं तरी बिघडत नाही. लोकांनी ते घेतलं यात नवल नाही. मला नवल वाटतं ते लुबुगो कुठे टिकलं याचं. रोजच्या अंगावरून ते गेलं, पण मृतदेह गुंडाळायला लुबुगोच लागलं. राज्याभिषेकाला लुबुगोच लागलं. युगांडाच्या राजधानीत, कंपालातल्या कासुबी टेकडीवर चार राजांच्या समाध्या आहेत. तिथे गवताच्या प्रचंड छपराखाली समाध्यांचा भाग लुबुगोच्या पडद्याने झाकलेला असे. १६ मार्च २०१० रोजी ती वास्तू जळाली. मग ती पुन्हा उभारायची तर साल बडवणाऱ्यांपासून गवत शाकारणाऱ्यांपर्यंत सगळे जुने कसब असलेले हात शोधावे लागले.

आणि १९५३ साल पाहा. इंग्रज गव्हर्नरने काबाका, म्हणजे बुगांडाचे राजे, दुसरे मुतेसा यांना हद्दपार केलं. तेव्हा सुती कपडे घालणाऱ्या बागांडा लोकांनी पुन्हा लुबुगो अंगावर घेतलं. शोकाचं वस्त्र त्यांनी निषेधाचं वस्त्र केलं. १९५५ मध्ये राजा परत आला. पुढे साठच्या दशकात युगांडाच्या सरकारने राजेशाहीच बरखास्त केली आणि ती परत आली १९९३ मध्ये. त्या अभिषेकाने साल बडवणाऱ्यांना पुन्हा काम दिलं. युनेस्कोने २००५ मध्ये या कलेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. गौरव चांगलाच आहे. पण लुबुगो तगलं ते मरण आणि राज्य या दोन ठिकाणी लोकांनी दुसरं कापड चालवून घेतलं नाही म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

आता सुती कापडाकडे येऊ. पूर्व आफ्रिकेला कापूस ठाऊक नव्हता आणि तो परक्यांनी शिकवला, असं कोणी म्हणालं तर मानू नका. टांझानियाच्या किनाऱ्यावर किल्वा इथे उत्खननात सूत कातायच्या चकत्या सापडल्या आहेत, त्या कित्येक शतकं जुन्या आहेत. १३३१ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आजच्या सोमालियातल्या मोगादिशूला उतरला. तिथे विणलेल्या कापडाला तोड नाही आणि ते इजिप्तपर्यंत जातं, असं त्याने नोंदवलं आहे. या हातमागांना मोठा फटका बसला तो गिरणीच्या कापडाने.

ते कापड आधी अमेरिकेतून आलं. झांझिबारचे, म्हणजे टांझानियाच्या किनाऱ्याजवळच्या बेटाचे, सुलतान सय्यद सईद यांनी १८३३ मध्ये अमेरिकेशी करार केला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराची जहाजं झांझिबारला लागू लागली. त्यांनी आणलेलं कोरं, जाड, बिनधुलाईचं सुती कापड म्हणजे अगदी आपला मांजरपाट. आफ्रिकेत त्याचं नाव पडलं मेरिकानी. ते नुसतं नेसायचं कापड राहिलं नाही, काफिल्यांच्या वाटांवर ते चलन झालं. हमालाची मजुरी, मुलूख ओलांडण्याचा कर, हस्तिदंताची किंमत, सगळं मेरिकानीच्या हातांवर मोजून द्यायचं. मँचेस्टरने तसंच दिसणारं कापड करून पाहिलं. खळ भरून जड केलेलं ते कापड धुतलं की विरविरीत होई. लोकांनी ते नाकारलं. हजार मैल आत राहणारा, इंग्लंडचं नावही न ऐकलेला माणूस कापड बोटांत चोळून सांगत होता की हे नको.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मेरिकानीचा पुरवठा कोलमडला. युद्ध १८६५ ला संपलं, पण तोवर जागा मोकळी झाली होती. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी पन्नाशीच्या दशकातच सुरू झाली होती. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांनी पूर्व आफ्रिकेची जाड्याभरड्या कापडाची बाजारपेठ बरीचशी काबीज केली. इथे आपला थेट संबंध येतो. परळ-लालबागच्या मागांवर रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेली आपली माणसं उभी होती. त्यांनी विणलेले तागे झांझिबारच्या धक्क्यावर उतरत आणि तिथून टांगानिका सरोवराच्या काठापर्यंत जात. परतीच्या वाटेवर त्याच समुद्राने मुंबईला हस्तिदंत येई, आणि त्यातून कच्छ-गुजरातेतल्या नवऱ्या मुलींचे चुडे कातले जात. गिरणगावचा इतिहास आपण संपांचा, चाळींचा, शाहिरांचा म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. पण त्या घामाचं कापड शेवटी कोणाच्या अंगावर गेलं, हे आपण फारसं विचारत नाही.

मण्यांची गोष्टही अशीच आहे, ती थोडक्यात सांगतो. काफिला निघण्याआधी व्यापाऱ्याला कोणत्या मुलखात सध्या कोणता रंग, कोणता आकार चालतो याची चौकशी करावीच लागे. एका गावात लाल मणी हवे, पुढच्या मुलखात तेच लाल कोणी हातात धरेना. चुकीचे मणी नेणारा आतल्या भागात उपाशी पडे, कारण त्याच्याकडचा पैसा पैसाच राहत नसे. पत्रकार स्टॅन्ली १८७१ मध्ये आफ्रिकेच्या आत बेपत्ता झालेल्या लिव्हिंग्स्टन या प्रवाशाच्या शोधात निघाला, तेव्हा त्यालाही आधी झांझिबारच्या व्यापाऱ्यांकडून हे मण्यांचं गणित शिकावं लागलं. मसाई मण्यांची कलाकुसर पूर्णपणे बायकांच्या हातची. लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे आकाश अशी एक यादी पर्यटकांना हमखास ऐकवली जाते. ती मला अपुरी वाटते. मसाईंच्या निरनिराळ्या शाखांची रंगांची जुळणी निरनिराळी असते. कोणत्या रंगाशेजारी कोणता यावा, कुठे तोडावा, यावरून जाणकाराला घालणारी कुठली ते कळतं. अर्थ रंगांच्या क्रमात आहे, एकेका रंगात नाही.

आता कांगा, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरच्या बायकांचं छापील सुती वस्त्र. ही इथे पसरून ठेवली आहे, मागच्यांना दिसावी म्हणून वर धरतो. साधारण दीड मीटर लांब, मीटरभराहून थोडी जास्त रुंद. चारही बाजूंनी हा रुंद काठ, त्याला पिंडो म्हणतात. मधला भाग म्हणजे म्जी. आणि मधल्या भागाच्या खालच्या अंगाला ही छापलेली ओळ, जिना. कांगा जोडीने विकली जाते. एक कमरेला किंवा छातीवरून नेसायची, दुसरी डोक्या-खांद्यावरून घ्यायची. हिच्यात मूल पाठीशी बांधतात, हिच्यात बाळ गुंडाळतात. लाल, काळ्या, पांढऱ्या रंगांतली किसुतु नावाची कांगा लग्नात मानाची. केनियाच्या मोम्बासा बंदराकडे हिलाच लेसो म्हणतात. रुमालाला असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून ते नाव आलं. छापील रुमालांचे तुकडे एकमेकांना शिवून बायकांनी मोठं वस्त्र केलं आणि मग व्यापाऱ्यांनी तेच अखंड छापून आणायला सुरुवात केली, असं तिथे सांगतात.

कांगा कधी फोफावली ते महत्त्वाचं आहे. झांझिबारात गुलामगिरी कायद्याने संपली १८९७ मध्ये. त्याआधी गुलाम बायकांच्या अंगावर साधं मेरिकानी किंवा निळीत काळपट रंगवलेलं कनिकी असे. त्या कापडावरूनच त्यांचा दर्जा ओळखू येई. सुटका झाल्यावर या बायकांनी आधी काय टाकलं असेल, तर ते कोरं आणि काळपट कापड. त्यांनी रंगीत, छापील कांगा घेतली, आणि जुनी झाली की नव्या नक्षीची घेतली. त्यांना मिळालेली मोकळीक त्यांनी अशी अंगावर दाखवली. मुंबईच्या कोऱ्या कापडाची मागणी ज्यांनी मागे टाकली त्यांत या बायकाही होत्या, हे आपणही मान्य करायला हवं.

मोम्बासात कादरदिना हाजी एसाक या हिंदी व्यापाऱ्याचं कांगांचं दुकान १८८७ पासूनचं. ‘माली या अब्दुल्ला’, अब्दुल्लाचा माल, ही त्यांची खूण कांगांवर छापलेली असे. दुकानदारांचं खरं काम काय, तर गिऱ्हाइकांचं ऐकायचं. पुढच्या खेपेला कोणती नक्षी हवी, कोणती ओळ हवी, हे बायका सांगायच्या आणि ते इंग्लंड, हॉलंड, जपानच्या छापखान्यांना कळवलं जायचं. माल उशिरा आला तर नक्षी जुनी झालेली असे आणि गठ्ठे पडून राहत.

आणि ही ओळ! सुरुवातीला अरबी लिपीत छापत, पुढे रोमन लिपीत, पण भाषा स्वाहिली. काही ओळी मायेच्या. ‘वेमा हाउओझी’, चांगुलपणा कुजत नाही. काही झणझणीत. ‘हासिदी हाना साबाबु’, मत्सरी माणसाला कारण लागत नाही. आणखी एक मला फार आवडते, ‘उसिसाफिरिये न्योता या म्वेन्झिओ’, दुसऱ्याच्या ताऱ्यावर आपलं शीड उभारू नकोस. खलाशांच्या किनाऱ्यावरच ही ओळ सुचू शकते. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं कांगाचं बोलणं. शेजारीण, सवत, सासू, नवरा, ज्याला लागायचं त्याला लागतं आणि बाई तर तोंडातून अवाक्षर काढत नाही. ती फक्त कांगा नेसून दारात उभी राहते. भांडण जुंपलं तर म्हणायला मोकळी, की ओळ छापणाऱ्याने छापली, मी तर रंग बघून घेतली. म्हणून बाजारात बायका आधी ओळ वाचतात, मग नक्षी पाहतात. नवऱ्याने आणलेली कांगाही आधी वाचली जाते.

स्वातंत्र्यानंतर कांगा तिथेच छापली जाऊ लागली. दार-ए-सलाममध्ये चीनच्या मदतीने उराफिकी ही गिरणी १९६८ मध्ये सुरू झाली. आज कांगा टांझानियातही होते, चीनमधूनही येते आणि आपल्या गुजरातेत जेतपूरलाही छापली जाते. जेतपूरच्या कारागिराला स्वाहिली येत नाही, तो ओळ अक्षरं जुळवून छापतो. एखादं अक्षर चुकलं तर मोम्बासाच्या बाजारात ते पहिल्या दिवशी पकडलं जातं.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. समोर बसलेल्यांपैकी काही घरांतले आजोबा-पणजोबा गिरणीत असतील, काहींचे मूळजी जेठा मार्केटात कापडाच्या पेढीवर असतील. परदेशी जाणाऱ्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत छापील लेबलं, कापडाचे तुकडे डकवलेल्या नमुन्याच्या वह्या, झांझिबार-मोम्बासाच्या पेढ्यांशी झालेला पत्रव्यवहार असं काही माळ्यावर असेल तर ते रद्दीत घालू नका. मोडीत असो, गुजरातीत असो, वाळवी लागलेलं असो, आधी त्याचे फोटो काढा, मग कोणाला तरी वाचायला द्या. या वह्यांमध्ये गिऱ्हाइकांच्या तक्रारी आहेत. कापड पातळ झालं, रंग उतरला, काठ अरुंद आला, बायका घेत नाहीत. पूर्व आफ्रिकेतल्या ज्या बायकांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही, त्यांचं म्हणणं कारकुनाच्या हस्ताक्षरात का होईना, तिथे उतरलेलं आहे.