मिठाचा भाव आणि अनियंत्रित राजा

पत्रिकेवर विषय छापलाय 'अनियंत्रित राजेशाही, विषमता आणि क्रांती'. बास्तीय, गिलोटिन, तीन वर्ग हे सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. मी मिठापासून सुरुवात करतो. १७८९ च्या क्रांतीआधी फ्रान्सच्या राजाची सत्ता नेमकी कुठे अडत होती, ते मिठाच्या हिशेबात फार स्वच्छ दिसतं.

मिठावरच्या कराचं नाव गाबेल. या करासाठी देशाचे सहा भाग पाडलेले आणि प्रत्येकाचा दर निराळा. ब्रिटनी करमुक्त, तिथे शंभर पौंड मीठ दोन-तीन लिव्रला मिळे (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन, एका लिव्रचे वीस सू). तिला लागून असलेल्या मेन प्रांतात 'मोठा गाबेल' लागू, म्हणून तेच मीठ साठ लिव्रच्या घरात! मध्ये डोंगर नाही, समुद्र नाही, नुसती हद्द.

बरं, महाग म्हणून कमी घेऊ, तर तीही मुभा नाही. मोठ्या गाबेलच्या मुलखात १६८० च्या फर्मानानुसार आठ वर्षांवरच्या दर चौदा माणसांमागे वर्षाला एक 'मिनो', म्हणजे साधारण शंभर पौंड, सरकारी कोठारातून उचललंच पाहिजे. माणशी सात पौंड. तेही फक्त स्वयंपाकाला आणि ताटात वाढायला. त्यात डुकराचं मांस खारवलं तर दंड, कारण खारवणीचं मीठ वेगळं घ्यायचं आणि त्याची पावती वेगळी. हिवाळा खारवलेल्या मांसावर काढणाऱ्या शेतकऱ्याला याचा अर्थ काय, ते बघा. कोणी किती उचललं हे वहीत लिहिलेलं असे. उचल कमी दिसली की चोरट्या मिठाचा संशय आणि घराची झडती. शेजारीच न्यायालयांचे अधिकारी, मठ, कित्येक सरदार यांना मात्र 'फ्रां-साले' नावाच्या सवलतीत जवळजवळ मूळ किमतीला मीठ.

साहजिकच हद्दीवर तस्करी फोफावली. पुरुष, बायका, पोरं, अगदी शिकवलेले कुत्रेसुद्धा पाठीवर मीठ बांधून ब्रिटनीतून मेनमध्ये येत. पकडणारे शिपाई राजाचे म्हणावेत तर पगार इजारदारांचा. करवसुलीचा इजारा सहा वर्षांसाठी दिला जाई. इजारदार राजाला ठरलेली रक्कम मोजत, वरचा नफा त्यांचा.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा मूळ मुद्दा भराभर सांगतो.

निरनिराळ्या दरांचा हा नकाशा राजाला बदलता का आला नाही? कारण यातली बरीचशी विषमता राजांनीच विकलेली होती. नैऋत्येकडच्या प्रांतांनी १५४८ मध्ये गाबेलविरुद्ध बंड केलं आणि नंतर रोख रक्कम मोजून सूट विकत घेतली. सरकारी पदं विकली जात, त्यांच्याबरोबर करमाफी जाई. म्हणजे प्रत्येक सवलत कुणाची तरी विकत घेतलेली मालमत्ता. अनियंत्रित म्हणवणारा राजा आपल्याच खरेदीखतांनी बांधलेला होता.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने पैसा ओतला, त्यानंतर १७८८ च्या अंदाजपत्रकात निम्मा खर्च कर्जफेडीचा होता. त्याच्या आदल्या वर्षी अर्थमंत्री कालोनने सर्वांना सारखा लागू होणारा जमीनकर मांडला, तो निवडक मान्यवरांच्या सभेने उडवला. नोव्हेंबर १७८७ मध्ये नव्या कर्जावरून पॅरिसच्या न्यायमंडळाशी वाद झाला, तेव्हा सोळाव्या लुईने 'माझी इच्छा आहे म्हणून हे कायदेशीर' असं सुनावलं. ऑगस्ट १७८८ मध्ये तिजोरीची देणी थांबली. मग १६१४ नंतर पहिल्यांदाच तिन्ही वर्गांची, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि बाकीची जनता यांची, सभा बोलवावी लागली आणि गावोगावी तक्रारवह्या लिहून घ्याव्या लागल्या. तक्रार लिहायला सांगितली, पण मत वर्गानुसार (म्हणजे वरचे दोन वर्ग मिळून तिसऱ्यावर मात करणार) की माणशी, हे लोंबकळत ठेवलं. स्फोट इथे झाला. त्यातच १७८८ चं पीक बुडालेलं. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव आठ-नऊ सूवरून चौदा सूच्या वर गेला, आणि मजुराची रोजची कमाई वीस-तीस सू.

बास्तीय पडण्याच्या आधीच, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पॅरिसभोवतीची जकात नाकी जाळली गेली. ती त्याच इजारदारांची होती. गाबेल मार्च १७९० मध्ये रद्द झाला. नेपोलियनने १८०६ मध्ये मिठावर पुन्हा कर बसवला, पण या वेळी ब्रिटनी आणि मेनला एकच दर होता.