चावी तेलुगूची, कुलूप इंग्रजीचं

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका सिनेमाबद्दल बोलायचंय, पण त्याची गोष्ट मात्र मी सांगणार नाही. तशी सही करून आलोय. परवा रात्री आपल्या सोलापुरात एका इंग्रजी विज्ञानपटाच्या दुसऱ्या भागाचा प्रिव्ह्यू झाला. सिनेमा येत्या शुक्रवारी लागतोय. त्याच्या आधी निवडक शंभरेक लोकांना बोलावलं होतं: वितरकाची माणसं, चार-दोन पत्रकार, प्रश्नमंजूषा जिंकलेली कॉलेजची पोरं. आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. माझा भाचा त्या थिएटरात ऑपरेटर आहे, तो म्हणाला, "मामा, मागच्या रांगेत गुपचूप बसा."

मीही ऑपरेटरच. 1979 ते 2011, बत्तीस वर्षं सोलापुरातल्या एका पडद्याच्या टॉकीजमध्ये मशीन चालवली. त्यामुळे बाकीचे पडद्याकडे बघतात तेव्हा माझी मान आपोआप मागे वळते, केबिनच्या त्या चौकोनी काचेकडे.

दारातच मोबाईल काढून घेतले, पाकिटात घातले, पाकिटाला चिकटपट्टी लावली. मग गोष्ट बाहेर फोडायची नाही म्हणून सही करायचा तो इंग्रजी कागद. सिनेमा चोरून टिपण्याबाबत कायदा आता कडक झालाय. 2023 च्या दुरुस्तीनंतर थिएटरात चोरून चित्रण केलं तर कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून पुढे. आमच्या वेळी कुणी सिनेमा चोरायचा म्हणजे अख्खी पेटीच पळवावी लागली असती, आणि ती उचलायला दोन हमाल लागले असते.

पेटी म्हणजे काय, हे नव्या श्रोत्यांना सांगायला हवं. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट फिल्म. सरळ अंथरली तर चार किलोमीटरहून जास्त. ती सात-आठ रिळांत विभागून पत्र्याच्या डब्यांतून यायची, आणि ते सगळे डबे एका पेटीत. एक रीळ वीस-बावीस मिनिटं चालायचं. ते संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमकायचा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की खटकन पहिली बंद आणि दुसरी सुरू. प्रेक्षकाला पत्ता लागता कामा नये. शिवाय मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी जळत जाईल तशी पुढे सरकवत राहायची, नाहीतर पडदा पिवळा पडला म्हणून खालून शिट्ट्या.

आता तसलं काही नाही. सिनेमा एका हार्ड डिस्कवर येतो नाहीतर उपग्रहावरून उतरतो. दीडशे-दोनशे जीबी, आणि सगळा कुलूपबंद. कुलपाची चावी म्हणजे एक लहानशी फाइल, ती ईमेलने वेगळी येते. त्या चावीत लिहिलेलं असतं की हा सिनेमा, याच मशीनवर, अमुक तारखेच्या अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंतच उघडेल. वेळ संपली की चावी मेली. शेजारच्या पडद्याच्या मशीनवर तीच चावी लावली तरी चालत नाही. एवढंच नाही, चित्रात आणि आवाजात डोळ्याला न दिसणारी, कानाला न कळणारी खूण पेरलेली असते. चोरीची कॉपी सापडली की कुठल्या मशीनवरून, किती वाजता ती टिपली, ते त्यावरून काढता येतं.

तर साडेनऊ वाजले. दिवे मंद झाले. पडदा काळाच.

दहा मिनिटं गेली. बाहेर एप्रिलची रात्र तापलेली, आत एसीचा गारवा, त्यामुळे कुणी उठलं नाही. पण कुजबूज वाढली. मी मागे वळून काचेकडे पाहिलं, तर भाच्याचं तोंड मला तिथूनच कळलं. मी उठून वर गेलो. तो स्क्रीनकडे बघत घामाघूम.

"मामा, चावी लागंना."

वेळ बरोबर, मशीन बरोबर. मग त्याने बोट ठेवलं आणि मला दिसलं. डिस्कवर सिनेमाच्या तीन आवृत्त्या होत्या: इंग्रजी, हिंदी आणि तेलुगू. प्रत्येक आवृत्ती म्हणजे मशीनच्या हिशोबी वेगळा सिनेमा, आणि प्रत्येकीची चावी वेगळी. पाठवणाऱ्याने सोलापूर हे नाव पाहिलं असेल आणि तेलुगूची चावी धाडली असेल. त्याचंही अगदी चुकलं असं मी म्हणणार नाही.

कारण आपलं शहर आहेच तसं. गिरण्या आणि हातमागाच्या निमित्ताने तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पूर्व भागात राहिलीत. साखर पेठेत मी वाढलो, तिथे खेळताना शिव्या आधी तेलुगूत शिकलो, मराठीत नंतर. आमच्या टॉकीजला रविवारी सकाळचा खेळ तेलुगू सिनेमाचा असायचा. 1991 साली तेलुगूत कालयंत्राचा एक सिनेमा आला, सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 'आदित्य 369'. त्याच वर्षी तिकडे 'टर्मिनेटर'चा दुसरा भाग आला, पहिल्या भागानंतर सात वर्षांनी. जग त्या वितळणाऱ्या लोखंडी माणसाचं कौतुक करत होतं, आणि आमच्याकडे यंत्रमागावरची पोरं कृष्णदेवरायाच्या दरबारात उतरणाऱ्या यंत्राला शिट्ट्या मारत होती. मी दोन्ही चालवलेत. शिट्ट्यांचा हिशोब लावला तर तेलुगू पुढे होता.

असो. वितरकाच्या हापिसात फोन कुणी उचलेना. मॅनेजर खाली जाऊन हात जोडून म्हणाला, इंग्रजीची चावी यायला दोन तास लागतील, थांबता का? मागून कुणीतरी ओरडलं, "लाव बे तेलुगूत!" आणि हशा झाला. त्या हशातच निकाल लागला.

सिनेमा सुरू झाला आणि मला वाटलं, संपलं, अर्धे लोक मध्यंतरात घरी जातील. झालं उलटंच. पत्रकार मंडळींना काही कळेना. त्यातला एकजण शेजारच्या कॉलेजच्या पोराला विचारू लागला, "काय म्हणलालाय बे तो?" पोरगं पूर्व भागातल्या अशोक चौकातलं, ते सांगू लागलं. नायक सारखा "पद, पद" म्हणत धावत होता, तर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वैतागले, "हा कुठल्या पदासाठी भांडतोय?" त्यावर तीन बाजूंनी उत्तर आलं, "चल चल म्हणतोय हो!" थिएटर झाडायला येणाऱ्या दोघी अक्का, विडी घरकुलातल्या, दाराशी झाडू धरून उभ्या होत्या. प्रेक्षकांत त्यांची गणती नव्हती. पण थोड्या वेळाने मागच्या दोन रांगा पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होत्या. यंत्र माणसाला फसवतंय हे एका अक्काला नायकाच्या पाच मिनिटं आधी कळलं, आणि तिने ते मोठ्याने सांगूनही टाकलं. गोष्ट बाहेर फोडायची नाही म्हणून सह्या घेतल्या होत्या, आणि आत शंभर माणसं एकमेकांना गोष्ट सांगत बसली होती.

सिनेमा कसा आहे? एवढं सांगायला हरकत नसावी. पहिला भाग पाहिला नसेल तरी चालेल, सुरुवातीची दहा मिनिटं त्यातच खर्ची घातलीत, जरा जास्तच. दुसऱ्या भागांची एक खोड असते, सगळं दुप्पट करायचं. पहिल्यात एक शहर पडलं तर यात तीन पडतात. अवकाशात हवा नाही तरी स्फोटाचा आवाज कानठळ्या बसवतो, ते सोडून देऊ. पण मधे एक प्रसंग आहे, एका जुन्या बंद पडलेल्या कारखान्यातला, दोघंच माणसं, आवाज जवळजवळ नाही. तिथे अक्काही गप्प झाल्या. तो प्रसंग मला पुन्हा बघायचाय, आणि त्यासाठी मी शुक्रवारी तिकीट काढणार आहे. इंग्रजीचं की तेलुगूचं, ते अजून ठरलं नाही.

आणखी एक. पूर्ण सिनेमाभर मी दर वीस मिनिटांनी वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होतो. ठिपका काही आला नाही. हात मात्र दोनदा खुर्चीच्या दांड्यावर पुढे सरकला.

घरी पोचायला साडेबारा वाजले. बायको जागी होती. ताटात भाकरी, शेंगाचटणी झाकून ठेवलेली. म्हणाली, "काय होतं सिनेमात?" मी म्हणालो, सांगता येत नाही, कागदावर सही केलीय.

"कागद कुठल्या भाषेत होता?"

"इंग्रजीत."

"आणि सिनेमा तेलुगूत. मग मराठीत सांगायला काय हरकत आहे? बसा, भाकरी खात खात सांगा."

दीड वाजेपर्यंत सांगत होतो. नमस्कार.